येळवस आणि दहा शब्द

माझं निम्मं आयुष्य म्हाताऱ्या माशांच्या सेवेत गेलं आहे. पुण्यातल्या आमच्या प्रयोगशाळेत आम्ही फळांवर घोंघावणाऱ्या बारीक माशा काचेच्या नळ्यांत वाढवतो, म्हाताऱ्या होऊ देतो आणि त्या कशा म्हाताऱ्या होतात ते बघत बसतो. माशीचं बरं असतं. दोन-अडीच महिन्यांत बालपण, संसार, म्हातारपण, सगळं आटोपतं. नळी टेबलावर हलकेच आपटली की तरण्या माशा तुरुतुरु वर चढतात आणि म्हाताऱ्या तळाशी विचार करत बसतात. काही माशा इतरांपेक्षा जास्त दिवस वर का चढत राहतात, या एका प्रश्नापायी माझे केस पांढरे झाले.

यंदा आमच्या संस्थेनं माणसांचा अभ्यास हाती घेतला. साठीच्या पुढच्या लोकांच्या हाताची पकड, चाल, तोल, स्मरणशक्ती आणि रक्त तपासायचं आणि काही वर्षांनी त्याच लोकांना पुन्हा गाठायचं. शरीर कुठून आणि किती वेगानं थकतं, ते त्यातून कळावं हा हेतू. पुण्या-मुंबईची माणसं भरपूर मिळाली होती, मराठवाड्यातली हवी होती. ज्या डॉक्टरबाई जाणार होत्या त्यांच्या मुलीचं बाळंतपण अलीकडे आलं आणि आमचे साहेब मला म्हणाले, "तुम्हीच जा. माशा सांभाळल्यात, माणसंही सांभाळाल." मी मूळची सांगलीकडची. मराठवाडा म्हणजे ऊन आणि टँकर, एवढंच माझं ज्ञान. परत आल्यापासून जो भेटेल तो "कसं होतं?" विचारतो आणि प्रत्येकाला सांगताना माझा घसा बसतो, म्हणून हे एकदाच लिहून टाकते आहे.

नांदेड

पहिली गोष्ट म्हणजे ऊनबिन काही नाही. मार्गशीर्षातली कडक थंडी होती आणि मी एक पातळ शाल घेऊन स्टेशनवर कुडकुडत उभी होते. मला घ्यायला सुनंदाताई आल्या होत्या. सरकारी दवाखान्यातून निवृत्त झालेल्या परिचारिका, आमच्या अभ्यासाचं तिथलं सगळं काम त्याच बघतात. जन्मभर पांढरी साडी नेसल्याचा त्या आता सूड उगवतात. त्या दिवशी पोपटी होती, काठ जांभळे. मला बघताच त्यांनी आपल्या अंगावरची लोकरीची शाल काढून माझ्या खांद्यावर टाकली आणि म्हणाल्या, "हे पुण्याचं कापड हितं चालत न्हाई मॅडम."

तपासण्या गोदावरीच्या बाजूला एका समाजमंदिरात होत्या. जवळच्या खेड्यातून आलेल्या गयाबाई पहिल्या. वय विचारलं तर म्हणाल्या, "रझाकाराच्या वख्ताला मी शेरडं वळून राहिले होते. आता तुमीच काय ते धरा." मी ऐंशीच्या पुढचं काहीतरी धरलं. पकड मोजायचं यंत्र त्यांच्या हाती दिलं, ते मुठीत धरून जोरात आवळायचं असतं. "किती जोर लावू?" त्यांनी विचारलं. "असेल तेवढा सगळा," मी म्हटलं. त्यांनी आवळलं आणि आकडा बघून मी यंत्र बिघडलं असं समजले. म्हणून स्वतः आवळून बघितलं. यंत्र चांगलं होतं, माझाच आकडा त्यांच्या खाली आला. गयाबाई पदराआड हसल्या. "दोन म्हशी हायत घरी," त्या म्हणाल्या, "रोज दोन टाइम धारा काढून राहिले. तुमी काय काढता?" माशीची धार काढता येत नाही हे त्यांना कसं सांगावं ते मला सुचेना.

दुपारी सुनंदाताईंनी मला गुरुद्वाऱ्यात लंगरला नेलं. शेजारी बसलेले उंचेपुरे सरदारजी आजोबा मला "दाल अजून घ्या की ताई, लाजून राहिल्या का?" असं थेट नांदेडच्या मराठीत म्हणाले आणि माझा घास हातातच राहिला. सांगलीत पंगतीला आग्रह करतात, पण तो नाव घेऊन, मान बघून. इथं कोण कुठला हे कुणी विचारतच नाही, ताट रिकामं दिसलं की वाढतात. मी इतकं खाल्लं की तोल तपासायची पाळी माझ्यावर आली.

पान खाताना सुनंदाताईंनी लातूरचं वेळापत्रक मागितलं. ते आमच्या पुण्याच्या कार्यालयानं फार हुशारीनं आखलं होतं. अमावस्येला लग्न नाही, मुंज नाही, कुणी नवं काम काढत नाही, म्हणजे सगळे घरी मोकळे बसलेले असणार, म्हणून सगळ्यात मोठी तुकडी अमावस्येलाच ठेवली होती. सुनंदाताई वाचता वाचता थांबल्या आणि खो खो हसायला लागल्या.

"मॅडम, ही येळवस हाय! वेळ अमावस्या! त्या दिवशी लातुरात तुमाला माणूस दिसायचं न्हाई. दुकानं बंद, रस्ते रिकामे, सगळं लातूर शेतात जेवून राहतंय."

अमावस्येला आमच्याकडे लिंबू-मिरची बांधतात. इथं सहलीला जातात हे पुण्यातल्या कुणाला माहीत असणार? आम्ही ती तुकडी अमावस्येच्या आधीच्या दोन दिवसांत कशीबशी कोंबली.

शिरूर अनंतपाळवरून

लातूरला सरळ रस्त्यानं न जाता आम्ही उदगीर, देवणीकडून वाकडी वाट केली, कारण वाटेवर शिरूर अनंतपाळला सुनंदाताईंचं माहेर लागतं आणि माहेर टाळून पुढं जाणं त्यांच्या शरीरशास्त्रात बसत नाही. देवणीच्या पुढं एका गाडीवानानं आपला काळा-पांढरा बैल रस्त्याच्या मधोमध उभा करून बराच वेळ आम्हाला बघू दिला. बैल होताही तसाच देखणा. उभ्या ज्वारीतून वारा येत होता आणि हरभऱ्याची आंबट हिरवी चव नुसत्या वासानं तोंडात यायची.

माहेरी धपाटे, दही आणि ठेचा. धपाट्यांसाठी मी पुन्हा जन्म घ्यायला तयार आहे. सुनंदाताईंच्या भावानं पकडीचं यंत्र बघितलं आणि पाच मिनिटांत अंगणात कुस्तीचा फड लागल्यासारखी गर्दी जमली. सगळ्या गावानं ते आवळलं. यंत्र शाबूत परत मिळालं, हे त्या कंपनीचं नशीब.

लातूर

लातुरात माझा मुक्काम बिराजदार सरांच्या घरी होता. सर निवृत्त गणिताचे शिक्षक, सुनंदाताईंची मुलगी त्यांच्याच शिकवणीत शिकून इंजिनियर झाली. लातुरात गणिताच्या शिक्षकाला देवानंतरचा मान. सकाळी सर कोपऱ्यावर दूध आणायला निघाले तरी वाटेत दोन बाप्ये आणि एक पोलीस त्यांच्या पाया पडले. सर किरकोळ बांध्याचे, शुभ्र सदरा, चालताना पाय थोडे फाकवून टाकायचे आणि नजर जमिनीवर ठेवायचे. माझ्याशी फार अदबीनं बोलले. मी कोण ते पहिल्या दिवशी तीनदा विचारलं.

त्यांच्या पत्नी मालतीबाई निलंग्याकडच्या, बोलण्यात कानडी हेल. मला त्यांनी दारातच "अक्का" करून टाकलं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या ज्वारीचं पीठ मळत होत्या, मी ओट्याला टेकून चहा घेत होते, आणि त्यांनी हात न थांबवता मला सगळं सांगितलं.

सर विसरायला लागले होते. आधी चष्मा, मग नावं, मग चहा झाला की नाही. दिवाळीच्या आधी ते गंजगोलाईत पेढे आणायला गेले. गोल बाजारपेठ, तिथून सोळा रस्ते फुटतात आणि सरांचं लहानपण त्याच गोलाईत गेलेलं. त्या दिवशी ते भलत्याच रस्त्यानं बाहेर पडले आणि संध्याकाळी एका रिक्षावाल्याला औशाच्या रस्त्यावर सापडले. तो जुना विद्यार्थी निघाला म्हणून घरी घेऊन आला. हे कळल्यावर पुण्याच्या मुलानं निर्णय घेतला. संक्रांत झाली की घराला कुलूप लावायचं आणि दोघांनी पुण्याला यायचं.

"पोरगं चांगलं हाय अक्का. मनानं म्हणून राहिलाय. पण अकराव्या मजल्यावर हे काय करतील? हितं गल्लीतलं कुत्रंबी त्यांना सर म्हणतंय. तितं कोण वळखतंय?" त्यांनी पिठाचा गोळा जोरात आपटला. "तुमच्या तपासणीत खरं कळतं ना? मग मला खरं सांगा. आजार आसंल तर मी गप जाईन. नसंल तर मी पोराशी भांडीन. पण कशाच्या जोरावर भांडू ते मला कळू द्या."

मी माशांची बाई. मी काय वचन देणार होते? तरी "खरं सांगेन" असं तोंडातून गेलं.

तपासण्या कॉलनीच्या सभागृहात आदल्या दिवशीच सुरू झाल्या होत्या. त्यातली स्मरणशक्तीची चाचणी अशी: दहा साधे शब्द सावकाश वाचून दाखवायचे, मधे थोडा वेळ दुसरं काम द्यायचं आणि मग आठवतील तेवढे शब्द सांगायला लावायचे. पेटी, चावी, कावळा, नदी असले शब्द. पहिल्या दिवशी लोकांनी जगात कुठंही येतात तितकेच शब्द सांगितले, कुणी पाच, कुणी सात. दुसऱ्या दिवशी मात्र चमत्कार झाला. पहिल्या आजोबांनी दहापैकी दहा सांगितले, त्यांच्या मागच्या आजींनी दहा, तिसऱ्यांनीही दहाच, शिवाय मी वाचले त्या क्रमानं. एका काकूंनी तर मी वाचून संपवायच्या आत पुढचा शब्द सांगितला. मी भारावून गेले. आमच्या साहेबांना फोन लावला, म्हटलं, "इथल्या पाण्यात काहीतरी आहे!" साहेब म्हणाले, "लातूरला पाणी आहे का, ते आधी बघा."

दुपारी सरांची पाळी आली. सर खुर्चीत ताठ बसले, डोळे मिटले आणि दहाच्या दहा शब्द खणखणीत आवाजात सांगितले. मला इतका आनंद झाला की मी उठून टाळ्याच वाजवल्या. मग माझं लक्ष दाराकडे गेलं. मालतीबाई तिथं उभ्या होत्या आणि त्यांचा चेहरा काही खुलला नव्हता. संध्याकाळी त्या हळूच म्हणाल्या, "अक्का, घरी आल्यावर ह्यांनी मला इचारलं, जेवण झालं का आपलं?"

येळवस

येळवशीचं मला वर्णन करता येईल असं वाटत नाही, पण करते. सकाळी आठला लातूरचे रस्ते कुणी झाडून नेल्यासारखे रिकामे होते आणि शहराबाहेरच्या वाटांवर ट्रॅक्टर, मोटारसायकली, जीपगाड्या यांची रांग. डोक्यावर, मांडीवर, टपावर जिथं तिथं आंबिलाची मातीची बिंदगी, म्हणजे मडकं, ठेवलेलं. ज्यांचं शेत नाही त्यांना शेजारी घेऊन जातात. त्या दिवशी एकटं जेवायची कुणाला मुभा नाही. शेतात कडब्याच्या पेंढ्यांची खोप केली होती, आत पाच दगड मांडून त्यांची पूजा. पुरुषमंडळी खोपीभोवती फेऱ्या मारत, आंबील शिंपडत कानडी वळणाचं काहीतरी ओरडत होती, मीही ओरडले. अर्थ विचारला तर कुणालाच नीट सांगता येईना आणि त्यानं कुणाचं काही अडतही नव्हतं.

मग जेवण. भज्जी म्हणजे मी तळलेली भजी समजले होते. निघाली ती डाळी, शेंगा, पालेभाज्या, हरभरा, सगळं रान एका पातेल्यात शिजवलेली दाटसर भाजी. सोबत बाजरीचे उकडलेले उंडे, गव्हाची खीर आणि ताकात ज्वारीचं पीठ कालवून आंबवलेलं गार आंबील. मी तीन वाट्या आंबील प्यायले आणि बांधावर आडवी झाले. सर लिंबाखाली कॉलनीतल्या निवृत्त मंडळींबरोबर बसले होते, खुशीत दिसत होते.

शेजारच्या राजाबाई काकू, त्याच ज्यांनी माझ्या आधी शब्द सांगितला होता, चौथी वाटी घेऊन माझ्याजवळ आल्या. "मॅडम, आमी सगळे पास झालो ना?" त्यांनी प्रेमानं विचारलं. मी म्हटलं, "कमाल केलीत. दहापैकी दहा!" त्या म्हणाल्या, "होणारच की. सरांनी किती मेहनत घेतली! रात्री जेवणं झाल्यावर आन् पुन्यांदा सकाळी." आणि आंबील ढवळता ढवळता त्यांनी म्हणून दाखवलं, "आईनं पेटीची चावी दोरीत बांधली, कावळ्यानं उचलून नदीत टाकली..."

माझे दहा शब्द! एका गोष्टीत ओवलेले!

मी ताडकन उठून बसले. मग सगळं उलगडलं आणि लपवाछपवी कुणीच केली नाही, उलट जो तो आपला वाटा अभिमानानं सांगायला पुढं आला. पहिल्या दिवशी तपासून गेलेल्या लोकांनी आठवतील तेवढे शब्द कट्ट्यावर सांगितले, सगळ्यांचे मिळून दहा भरले. सरांनी त्यांची गोष्ट रचली, गोष्टीत क्रम बसवला आणि उरलेल्या सगळ्या कॉलनीची उजळणी घेतली. लातूरच्या माणसांना परीक्षा कळली की पुढं काय करायचं ते कुणी सांगावं लागत नाही.

"अहो, पण या परीक्षेत पास-नापास नसतं!" मी कळवळून म्हणाले.

एक निवृत्त मुख्याध्यापक होते, त्यांनी माझ्याकडे अत्यंत दयेनं बघितलं. "परीक्षा हाय आन् नापास न्हाई? मग घेऊन राहिल्या कशाला?"

"आपल्या सेंटरचा निकाल शंभर टक्के लागला पायजे का नको?" राजाबाईंनी विचारलं.

मी हसू की रडू अशी झाले होते, शेवटी हसले. हसता हसता मालतीबाईंकडे बघितलं आणि थांबले. त्या खरकटी ताटं गोळा करत होत्या. त्यांना कळलं होतं. कालचे दहा शब्द सरांचे नव्हते.

ऊन कलल्यावर सर माझ्याजवळ बांधावर येऊन बसले.

"रागावलात?" त्यांनी विचारलं.

"नाही सर. पण माझ्या अभ्यासाचा भुगा केलात."

"मला माझा पेपर कसा जाणार ते ठाऊक होतं," सर म्हणाले. "एकट्यानं पाठ केलं असतं तर दोन राहिले नसते. शिकवलं की थोडं डोक्यात टिकतं. म्हणून सगळ्यांना बसवलं. त्यांना वाटलं, सर त्यांच्यासाठी करून राहिलेत." मग म्हणाले, "नापास झालो तर घराला कुलूप लागतंय मॅडम. ते मात्र मी विसरत नाही."

त्यांनीच पुढं विचारलं, "तुमच्याकडं दुसरे शब्द असतील ना? उद्या आणा. आणि मला आधी सांगू नका."

दुसरा पेपर

दुसरे शब्द होते. सुनंदाताईंनी सगळी सूत्रं हाती घेतली, त्या दिवशी साडी केशरी होती. एका क्लासवाल्यांची जागा मागून घेतली. ज्यांची चाचणी राहिली ते एका खोलीत, ज्यांची झाली ते दुसऱ्या खोलीत, मधल्या जिन्यावर स्वतः सुनंदाताई. झालेल्यांच्या खोलीत आदल्या दिवशीच्या खिरीचं पातेलं ठेवलेलं, म्हणजे कुणाला बाहेर यायची इच्छाच होऊ नये. मुख्याध्यापकांनी बंदोबस्त बघून समाधानानं मान हलवली. "आता कशी परीक्षा वाटून राहिली," ते म्हणाले.

राजाबाईंना सहा आठवले, मुख्याध्यापकांना पाच. सरांनी डोळे मिटले. खूप वेळ गेला. "पंखा," ते म्हणाले. मग "विहीर". मग डोळे उघडून माझ्याकडे बघून हसले आणि म्हणाले, "एवढेच." मी त्यांच्या नावापुढं दोनचा आकडा लिहिला आणि पेन खाली ठेवलं. खोलीच्या दारात मालतीबाई होत्या, त्यांनी फक्त पदर खांद्यावर नीट केला.

तेवढ्यात डॉ. नाझनीन आल्या. लातुरातल्याच तरुण डॉक्टर, आमची रक्ततपासणी बघतात, आणि अर्थातच सरांच्या विद्यार्थिनी. त्यांच्या हातात आमच्या लोकांचे अहवाल होते, पण त्यांनी एकच वर काढला होता. आल्या आल्या सरांच्या पाया पडल्या आणि मग डॉक्टर झाल्या.

"सर, जीभ दाखवा." जीभ लालभडक, गुळगुळीत होती. "पायाला मुंग्या येतात?"

"येतात. तळव्याखाली गादी असल्यासारखं वाटतं. वय झालं, नाझनीन."

"डोळे मिटून उभे राहा बरं." सरांनी डोळे मिटले आणि ते डुलले, सुनंदाताईंनी पटकन धरलं. "दूध, दही घेता?"

उत्तर मालतीबाईंनी दिलं. "कितीक वर्षांपासून बंद हाय, चहाबी कोराच. पोटात वायू धरतो म्हणून. कालचं आंबीलबी शिवलं न्हाई. जळजळीची गोळी मात्र रोज."

"मग बरोबर," नाझनीन म्हणाल्या आणि खुर्ची ओढून दोघांच्या समोर बसल्या. त्यांनी जे सांगितलं ते मी इथं माझ्या भाषेत सांगते. रक्त आणि मज्जातंतू यांना लागणारं एक जीवनसत्त्व आहे, बी ट्वेल्व्ह. ते दूध, अंडी, मांस यांतून मिळतं. सर शाकाहारी, त्यात दूध बंद, आणि जळजळीची गोळी वर्षानुवर्षं घेतली की उरलंसुरलंही अंगी लागत नाही. सरांच्या रक्तात ते जवळजवळ नव्हतंच. त्यानं पाय बधिर होतात, तोल जातो आणि माणूस विसरायला लागतो. बाहेरून ते हुबेहूब म्हातारपण दिसतं.

"म्हणजे मी म्हातारा झालो नाही?" सरांनी विचारलं.

"झालात की सर," नाझनीन हसल्या. "पण सगळा दोष वयाच्या नावावर टाकू नका. इंजेक्शन आजपासून सुरू. आधी एक दिवसाआड, मग आठवड्याला. सगळं परत येईल असं मी लिहून देत नाही. उशीर झालाय. पण बरंचसं यायला पाहिजे, आणि ते बघितल्याशिवाय कुणी घराला कुलूप लावायचं नाही. पुण्याच्या तुमच्या मुलाशी मी स्वतः बोलते."

मालतीबाईंनी नाझनीनचे दोन्ही हात धरले. त्यांना काहीतरी म्हणायचं होतं, पण आधी रडू आलं आणि मग, रडणं संपायच्या आतच, त्या सरांवर कडाडल्या, "म्हणून म्हनत होते, वाटीभर ताक तरी प्या!"

माझ्या शास्त्रातला सगळ्यात अवघड प्रश्न माझ्या समोर पांढरा सदरा घालून बसला होता. शरीर थकतं ते किती वयानं आणि किती वयाच्या आड लपलेल्या आजारानं, हे सोडवण्यात आम्ही लोक आयुष्य घालवतो. माझ्या माशांचा खुराक मीच ठरवते, त्यामुळे त्यांनी ताक सोडलं का हे मला कधी विचारावं लागलं नव्हतं. त्या दिवशी मला माझं काम जितकं आवडलं तितकं पूर्वी कधीच आवडलं नसेल. निघताना मालतीबाईंनी डबा बांधून दिला, सुनंदाताईंनी शाल परत घ्यायला साफ नकार दिला आणि सरांनी गेटपर्यंत येऊन मला विचारलं, "आपण कुठल्या म्हणालात?" मी सांगली म्हटलं. या वेळी कितव्यांदा सांगतेय याचं मला काही वाटलं नाही.

पुणे

सरांचा मुलगा संक्रांतीला लातूरला गेला, डॉक्टरांशी बोलला आणि पाडव्यापर्यंत थांबायला तयार झाला. मधून मधून सुनंदाताईंकडून खबर यायची. सरांच्या पायातल्या मुंग्या कमी झाल्या, सर कठडा न धरता जिना चढले. डोक्याचं मात्र कुणी काही बोलेना आणि मलाही विचारायचा धीर होईना. पाडवा जवळ आला.

एका सकाळी मी नळ्या धूत होते आणि मालतीबाईंचा फोन आला. आवाज इतका चढलेला की मी घाबरले.

"अक्का, काल हे माझ्याशी भांडले!"

"अरे देवा. कशावरून?"

"पुण्यावरून! मी म्हटलं, पोराचं मन राखू, दोन महिने जाऊन येऊ. तर हे उठून बसले. म्हणाले, माझे मुद्दे ऐकून घे. एक, दोन, तीन, असे बोटावर मोजून सांगून राहिले. पोरगं फोनवर ऐकून राहिलं होतं. मी मुद्दाम मधीच तोडलं, भाजीवाल्याचं काढलं, राजाबाईच्या सुनेचं काढलं, दारात माणूस आलं त्याला चहा केला. मला वाटलं, आता इसरले. तर चहा झाला आन् म्हणाले, 'हां, तर चौथा मुद्दा.'"

"मग?" मी हातातली नळी खाली ठेवली.

"मग काय, सगळे मुद्दे झाले. पोरगं म्हणालं, बाबा, राहू दे, तुमी तितंच राहा." मागं भांड्यांचा आवाज येत होता आणि कुणीतरी गल्लीतून "सर, नमस्कार" म्हणून गेलं. "अक्का, किती दिसांनी हरले मी भांडणात! गोडाचं करून राहिलेय आज."